फॉर्म ड्रॉवरमध्ये जातो, तास रोस्टरवर

मागच्या अंकात दुकानांतल्या हंगामी नोकरीबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, दुकानाच्या फ्लोअरवर मी १९ वर्षं काढली. त्यातले पहिले ७ आठवडे हंगामी म्हणून, गिफ्ट पॅकिंगच्या टेबलामागे, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन. शेवटची ८ वर्षं हंगामी माणसं निवडायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे तुम्हाला ‘कळवतो’ असं सांगून न कळवणाऱ्या जमातीतली मी.

“ताई, मी २० वर्षांचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मोठा सेल सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ९ दुकानांत जाऊन आलो. सगळीकडे एकच उत्तर, ‘फॉर्म भरून ठेवून जा.’ एकाचाही फोन आला नाही. नंतर त्यातल्याच एका दुकानात माझ्या वर्गातला मुलगा काम करताना दिसला. त्याला माझ्यापेक्षा जास्त काय येतं?”

जास्त काही येत नाही. तो आधी गेला होता. तू गेलास ते वरातीमागून घोडं.

हंगाम गिऱ्हाइकाला दिसतो त्याच्या कितीतरी आधी तो दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झालेला असतो. मॅनेजर गेल्या वर्षीचे आकडे काढून बसतो. कुठल्या शनिवारी किती बिलं झाली, संध्याकाळी ६ ते ८ मध्ये किती झाली, ट्रायल रूमबाहेर रांग कधी लागली. त्यावरून किती जादा माणसं हवीत ते ठरतं, मागणी वर जाते आणि वरून मंजुरी येते. (थोडी कापूनच येते. आम्हीही मागताना दोन जास्तच मागायचो.) तोवर मालाची खोकी यायला लागलेली असतात. ती फोडायला आणि टॅग लावायला पहिले हंगामी हात लागतात. मी जिथे जिथे होते तिथे हे सगळं सेलच्या ६ ते ८ आठवडे आधी उरकायचं. सेलच्या तोंडावर नवा माणूस घेतला तर त्याला शिकवायचं कोणी? शिकवणारा स्वतःच दोन काउंटर सांभाळत असतो.

पण हंगाम सुरू झाला म्हणजे दार बंद झालं, असंही नाही. एक फट नेहमी राहते आणि ती फार कमी जणांना माहीत असते. पहिल्या शनिवार-रविवारची गर्दी झाली की सोमवारी माझी दोन-तीन हंगामी माणसं हमखास गायब. फोनसुद्धा उचलायची नाहीत. पाय सुजलेले असायचे, कोणीतरी गिऱ्हाईक ओरडलेलं असायचं, घरून ‘कशाला हवं’ झालेलं असायचं. त्या सोमवार-मंगळवारी जो समोर येऊन उभा राहील त्याचं काम निम्मं झालेलं असतं. तू त्याच ९ दुकानांत पुन्हा गेला असतास तर एखादं तरी मिळालं असतं. आणखी एक संधी हंगाम संपल्यावर येते. बदलून द्यायचा माल, परत आलेला माल, आणि मग सगळ्या स्टॉकची मोजणी. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं पण हात खूप लागतात. तिकडे कोणी फिरकत नाही.

आता तुझ्या फॉर्मचं काय झालं ते सांगते. माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर अशा फॉर्मनी इतका भरलेला असायचा की उघडताना अडकायचा. माणूस कमी पडला की मी तो ओढून काढायची आणि वरून चाळायची. मी शिक्षण बघत नव्हते, ‘मेहनती आणि प्रामाणिक’ हे तर मुळीच नाही, ते सगळ्यांनीच लिहिलेलं असतं. मी वेळ शोधत होते. एका वर्षी एका मुलीने फॉर्मच्या डोक्यावर लाल पेनने लिहिलं होतं: ‘सोम ते शुक्र दुपारी ३ नंतर. शनि-रवि पूर्ण दिवस. १४ आणि १५ तारखेला परीक्षा, येणार नाही.’ अनुभव शून्य. पण माझ्या रोस्टरवर, म्हणजे कोण कधी कामावर येणार त्या तक्त्यावर, शनिवारी ४ ते ९ असं एक भोक होतं आणि ती त्यात चपखल बसत होती. पहिला फोन तिलाच गेला. त्या दोन तारखांमुळे तर ती मला जास्तच पटली, कारण जो माणूस कधी येणार नाही हे आधी सांगतो, तो बाकीच्या दिवशी येतो. ‘कधीही येऊ शकतो’ असं लिहिणाऱ्यावर माझा फारसा विश्वास बसत नसे. असाच एक जण दुसऱ्याच रविवारी घरात लग्न आहे म्हणून आला नाही. लग्न काय आदल्या रात्री ठरलं होतं?

हंगामात दुकान तुझे तास विकत घेतं, आणि तेही नेमके ते तास जे इतर सगळ्यांना स्वतःसाठी हवे असतात. संध्याकाळ, शनिवार, रविवार, सुट्टीचा दिवस. त्यामुळे अर्जाच्या पहिल्या ओळीत तास आले पाहिजेत, शिक्षण खाली गेलं तरी चालेल.

जाताना आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, दुकान उघडून तासभर झाला की. तेव्हा साफसफाई, माल लावणं उरकलेलं असतं आणि गर्दी सुरू झालेली नसते. शनिवारी संध्याकाळी जाऊन नोकरी मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बंद व्हायच्या वेळीही नको, तेव्हा आत कॅश जुळवायचं चाललेलं असतं. बिलिंगवर रांग अडवून विचारू नकोस. फ्लोअरवर जो कपडे लावत असेल त्याला विचार, ‘इथलं रोस्टर कोण लावतं?’ हा प्रश्न ऐकला की समोरचा जरा नीट बघतो, कारण तो प्रश्न आतल्या माणसाचा आहे.

आणि ९ दुकानं कुठली निवडली होतीस? माझा अंदाज, कपडे आणि मोबाइल. सगळी तरुण मंडळी तिथेच धावतात. शाळा उघडायच्या आधी दप्तरं आणि स्टेशनरी, सुट्ट्या लागायच्या आधी प्रवासाच्या बॅगा, थंडी सुरू व्हायच्या आधी चादरी-पांघरुणं, या दुकानांनाही हंगाम असतो आणि तिथे अर्ज कमी येतात. मोठ्या दुकानांची गोदामंसुद्धा विसरू नकोस. ऑनलाइन मागवलेला माल तिथूनच पॅक होऊन निघतो.

“मी ४४ वर्षांची गृहिणी. मुलं मोठी झाली, दुपार रिकामी असते. शेजारच्या दुकानात हंगामी माणसं हवीत अशी पाटी लागली आहे. पण तिथे सगळी विशीतली मुलं दिसतात, आणि बिलाच्या मशीनची मला भीती वाटते. जाऊ का?”

जा. आजच जा, पाटी उतरायच्या आत.

वयाचं आधी. तुमच्याकडे ‘रिकामी दुपार’ आहे, ती विशीतल्या मुलांकडे नाही, ती कॉलेजात असतात. दुपारी १२ ते ४ या वेळात मला माणूस मिळता मिळत नसे. काही दुकानांत उघडायच्या आधी सकाळची एक छोटी शिफ्ट असते, फक्त माल भरायची. तीही विचारा.

मशीनचं म्हणाल तर तुम्ही जो प्रकार डोळ्यांनी बघून घाबरता आहात, तो आता चांगलाच जुना झाला आहे. दुकानात पहिली वस्तू बारकोडवर विकली गेली २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय नावाच्या गावी. ते च्युइंगमचं पाकीट होतं. त्या पट्ट्यांखाली साधारणपणे १३ आकडे असतात. पट्टी चुरगळली आणि मशीनने वाचली नाही की ते हाताने मारावे लागतात, आणि नवीन माणसाचे हात इथेच थरथरतात. थरथरू देऊ नका. शेवटचा आकडा आधीच्या १२ आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एक आकडा चुकला तर हिशोब बसत नाही आणि मशीन तो नंबर घेत नाही. शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं. म्हणजे चूक केलीत तरी तुमच्याआधी मशीनच ओरडतं.

शिवाय पहिल्या दिवशी कोणी तुम्हाला बिलिंगवर बसवणार नाही. ट्रायल रूम, घड्या घालणं, पॅकिंग, माल लावणं इथून सुरुवात होते. ट्रायल रूमच्या दाराशी मला नेहमी तुमच्या वयाची बाई हवी असायची. आत किती कपडे गेले, बाहेर किती आले हे मोजायचं, आणि एखादा अंगाला होत नाही म्हणून हिरमुसलेल्या माणसाला दुसरा साइज आणून द्यायचा. चेहरा न बदलता. विशीतल्या मुलांना मोजणं जमतं. दुसरं जमायला वेळ लागतो.

मुलाखतीत काय होतं तेही सांगते, निदान मी काय करायची ते. टेबलावर चुरगळलेल्या शर्टांचा ढीग ठेवायची आणि म्हणायची, ‘बोलता बोलता घड्या घालूया.’ घडी कशी पडते हे मी बघतच नव्हते, ती घडीची फळी लावून दोन दिवसांत कोणालाही येते. मध्येच आमच्यातलीच एक मुलगी गिऱ्हाईक बनून यायची आणि काहीतरी विचारायची. अर्ज करणारी बाई मान वर करते की घडी पुरी करत बसते, एवढंच मला बघायचं असे. मान वर केली की झालं.

एक विनंती. ‘मला काही येत नाही, पण शिकेन’ असं म्हणू नका. घर चालवणाऱ्या बाईच्या तोंडी ते खोटं वाटतं. ‘दुपारी १२ ते ४ रोज येईन, उभं राहायची सवय आहे, हिशोब चोख आहे’ एवढं बोला आणि गप्प बसा.

“अर्जाला फोटो लावावा का?”

मागितला असेल तर लावा. नसेल तर त्या जागेत तुमचे तास लिहा.

“एका एजन्सीने हंगामी नोकरी पक्की असल्याचा मेसेज पाठवला. मुलाखत नाही, काही नाही. फक्त नोंदणी फी आणि युनिफॉर्मचं डिपॉझिट आधी भरायचं, आणि मूळ सर्टिफिकेटं जमा करायची. नावाजलेल्या दुकानाचं नाव सांगत आहेत. भरू का पैसे?”

भरू नका. मूळ सर्टिफिकेटं तर हातातून सोडूच नका. ती मागण्याचं एकच कारण असतं, तुम्ही मध्येच सोडून जाऊ नये.

नोकरी लावून देणाऱ्याचे पैसे दुकानाने द्यायचे असतात. हा माझा फणकारा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खासगी रोजगार एजन्सींबद्दलचा १९९७ चा करार आहे, क्रमांक १८१. त्यात कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने फी घ्यायची नाही, असा नियम आहे. अपवाद ठेवलेत, पण ते सरकारने ठरवायचे. त्याच्याही आधीचा, १९४९ चा वेतन संरक्षणाचा करार सांगतो की नोकरी मिळावी किंवा टिकावी म्हणून मालकाला किंवा मध्यस्थाला देण्यासाठी कामगाराच्या पगारातून कापून घेणं मना आहे. हे करार ज्या देशांनी मंजूर केलेत त्यांच्यावर बंधनकारक असतात, बाकी ठिकाणी स्थानिक कायदा चालतो. पण जगभरच्या सरकारांनी, मालकांनी आणि कामगारांनी एकत्र बसून जे ठरवलं त्याच्या नेमकं उलट कोणी मागत असेल, तर आपण सावध व्हायला तेवढं पुरे.

दुकानाचं नाव सांगतात ना? मग त्या दुकानात चालत जा आणि विचारा, ‘तुमच्याकडे या एजन्सीतून माणसं येतात का?’ पाच मिनिटांचं काम आहे. खरी एजन्सी असेल तर दुकानवाला सरळ हो म्हणेल, कारण हंगामात बरीच मोठी दुकानं खरोखरच एजन्सीमार्फत माणसं घेतात. मेसेजमधल्या नंबरवर फोन करून खात्री करू नका. तो नंबर त्यांचाच असतो.

खरी निघाली तर रुजू होण्याआधी एक कागद मागा. काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पगार तासावर की दिवसावर, तो कुठल्या तारखेला होणार, आठवड्याची सुट्टी कुठली, जादा थांबलं तर काय. आणि सर्वांत आधी हे की तुमचा मालक कोण, दुकान की एजन्सी. पगार अडला की हा प्रश्न अचानक फार मोठा होतो. दुकान म्हणतं एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते दुकानाने बिल दिलं नाही. दोघांमध्ये टोलवाटोलवी होत राहते आणि हंगाम संपलेला असतो. कागद देत नसतील तर निदान हेच सगळं मेसेजवर लिहून पाठवा, ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. समोरून नुसतं ‘ओके’ आलं तरी ते जपून ठेवा.

“दिवसभर खरंच उभं राहावं लागतं का? माझे गुडघे थोडे दुखतात. आणि माझ्या मैत्रिणीला मागच्या हंगामात सलग ११ दिवस सुट्टी दिली नव्हती, ते बरोबर आहे का?”

हो, उभं राहावं लागतं. गोड बोलून काय उपयोग? पहिल्या तीन दिवसांत पोटऱ्या बोलतात, चौथ्या दिवशी टाचा. आठवड्याने शरीर थोडं निमूट होतं. गुडघे आधीच दुखत असतील तर बसून करायची कामं सरळ मागा. टॅगिंग, पॅकिंग, ऑनलाइन ऑर्डरची बिलं. मागताना लाजू नका आणि रुजू होण्याआधी मागा. तिसऱ्या दिवशी मागितलं की ते गाऱ्हाणं वाटतं.

बसायला स्टूल मागणं हा काही नखरा नाही. १९६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दुकानं आणि कार्यालयांतल्या आरोग्यविषयक व्यवस्थेचा जो करार केला, क्रमांक १२०, त्यात कामगारांसाठी पुरेशा आणि योग्य बैठका असाव्यात आणि त्या वापरायची वाजवी संधी मिळावी, असं लिहिलं आहे. दुसरा भाग महत्त्वाचा. मी एका दुकानात होते तिथे काउंटरमागे स्टूल होतं, पण त्यावर कायम पिशव्यांचा गठ्ठा ठेवलेला. गठ्ठा उचलला की सुपरवायझरची भुवई वर. मी सुपरवायझर झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो गठ्ठा खाली ठेवला. विक्री काही कमी झाली नाही.

बुटांचं एकच सांगते. नवीन बूट घालून पहिल्या दिवशी जाऊ नका. जुने, पायाला सरावलेले, जाड तळव्याचे घाला, आणि दुपारी मोजे बदला. हे दुसरं कोणी करत नाही आणि त्यानेच सगळ्यात जास्त बरं वाटतं.

मैत्रिणीचं म्हणाल तर बरोबर नाही. दुकानं आणि कार्यालयांसाठी १९५७ चा साप्ताहिक सुट्टीचा करार आहे. दर ७ दिवसांत सलग २४ तास विश्रांती, हा त्याचा गाभा. देशोदेशीचे कायदे तपशिलात वेगळे असतात, म्हणून आपल्याकडच्या दुकानांसाठीच्या कायद्यात काय आहे ते बघा आणि रोस्टरचा फोटो काढून ठेवत जा. हंगामी माणसाला सुट्टी नसते, हे वाक्य मी अनेक मॅनेजरांच्या तोंडून ऐकलं आहे. कुठल्याच कायद्यात मला ते सापडलं नाही.

“मागच्या वर्षी हंगामी कॅशियर होतो. तीनदा कॅश कमी भरली आणि पगारातून कापली. मी एक पैसाही घेतला नव्हता. या वर्षी पुन्हा बिलिंगवर जायची हिंमत होत नाही.”

मी तुझ्यावर विश्वास ठेवते, कारण माझं हेच झालं होतं.

दुसरा हंगाम होता माझा. दुपारी मी जेवायला गेले, आणि रांग वाढली म्हणून एक सीनियर माझ्याच लॉगिनवर, माझ्याच गल्ल्यावर बिलं करत बसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मदतच करत होता. रात्री मोजलं तर माझ्या दोन दिवसांच्या पगाराएवढी रक्कम कमी. तो म्हणाला, ‘मी तर दहाच बिलं केली.’ लॉगिन माझं, म्हणून कापलं माझं. रडू आलं, पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण उठताना स्क्रीन बंद करायला दोन सेकंद लागतात आणि ती मी वाचवली होती.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगते. सकाळी गल्ल्यात सुरुवातीचे सुट्टे मिळतात ते देणाऱ्यासमोर मोजायचे आणि दोघांनी सही करायची. तो घाईत असला तरी. उठताना लॉगआउट, मग मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी. गिऱ्हाइकाने नोट दिली की ती लगेच आत टाकायची नाही, गल्ल्याच्या कडेवर आडवी ठेवायची, किती मिळाले ते मोठ्याने म्हणायचं, सुट्टे मोजून हातात द्यायचे आणि मगच नोट आत. ‘मी तर मोठी नोट दिली होती’ हा वाद तिथल्या तिथे मिटतो, नोट दोघांच्या डोळ्यांसमोर असते. आणि बिल चालू असताना कोणी ‘थांबा, ही परत द्या, ती घ्या, नाहीतर असं करा, याचे सुट्टे द्या’ असं सुरू केलं की गल्ला ढकलून बंद करायचा. पहिला व्यवहार पुरा, मग दुसरा. गोंधळ घालून दोनदा पैसे काढून नेणारे लोक नेमका नवा कॅशियर आणि गर्दीची वेळ बघून येतात. तुझे तीनपैकी एखादे तरी तसे गेले असतील, असा मला दाट संशय आहे.

कापाकापीबद्दल सांगायचं तर १९४९ च्या त्याच वेतन करारात आहे की पगारातून कपात देशाच्या कायद्याने किंवा सामूहिक कराराने घातलेल्या अटींप्रमाणे आणि मर्यादेतच करायची, आणि त्या अटी-मर्यादा कामगाराला कळवायच्या. म्हणून या वर्षी रुजू होताना विचार, ‘कॅश कमी भरली तर नियम काय आहे? लेखी आहे का?’ आणि ‘एका गल्ल्यावर एकच माणूस असतो ना?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही, सगळेच वापरतात’ असं उत्तर आलं तर बिलिंग घेऊ नकोस, फ्लोअर माग. पगार थोडा कमी पडेल, झोप लागेल.

“हंगाम संपल्यावर कायम करतात का? खरं सांगा.”

बहुतेकांना नाही. मी दर वर्षी दहा-बारा जण घ्यायची आणि त्यातला एक राहायचा, कधी तोही नाही. मुलाखतीत ‘चांगलं काम केलंत तर कायम करू’ असं सगळीकडे म्हणतात. मीही म्हणायची. खोटं नव्हतं ते, पण जागाच नसेल तर चांगलं काम करून ती निर्माण होत नाही. कायमची एखादी सोडून जायला लागते.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, दोन आठवडे आधी सुपरवायझरला विचारा. ‘पुढे काही आहे का’ असं मोघम नको. ‘कोणी सुट्टीवर जाणार आहे का, सकाळच्या शिफ्टला जागा आहे का, नसेल तर पुढच्या हंगामाला मला आधी फोन कराल का?’ असं विचारा. शेवटच्या दिवशी अनुभवाचं पत्र आणि हिशोबाचा कागद हातात घेऊनच बाहेर पडा. नंतर त्या पत्रासाठी खेटे घालावे लागतात आणि तुम्हाला ओळखणारा सुपरवायझर तोवर दुसऱ्या शाखेत गेलेला असतो.

आणि मोजणीच्या रात्री थांबायला सांगितलं तर थांबा, जादा तासांचे पैसे ठरवून. माझ्या ७ आठवड्यांच्या शेवटी तीच रात्र होती. दोघी-दोघींनी प्रत्येक फळी वेगवेगळी मोजायची, चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर पुन्हा. रिबिनीच्या फळीवर माझा आकडा आणि कॉम्प्युटरचा आकडा यांत एवढं अंतर की सगळ्यांना वाटलं मीच चुकले. पण ७ आठवडे मी त्याच रिबिनी कापत होते. कॉम्प्युटरमध्ये त्या खोक्याने चढवल्या होत्या आणि विकल्या जात होत्या रिळाने. मी एक खोकं फोडून मॅनेजरसमोर रिळं मांडली. तो ‘बरं’ म्हणाला आणि पुढच्या फळीकडे गेला. त्या रात्री मला कोणी कायम केलं नाही. तीन महिन्यांनी एक जण सोडून गेली तेव्हा फोन आला. पुढे कधीतरी त्या मॅनेजरच्या फोनमध्ये डोकावले तर माझं नाव तिथे नव्हतंच, माझा नंबर ‘रिबिनवाली’ म्हणून सेव्ह केलेला होता.